कोल्हापुरातला मंगळवार

बडोदे,
५ फेब्रुवारी २०२५

ती. गंगाआत्यास,
मितालीचा शि. सा. न. वि. वि.

चार तास अंगातलं सगळं रक्त नळ्यांमधून फिरवून घेणारा माणूस बोटभर बाटलीत रक्त द्यायला का तयार नसतो? हा माणूस म्हणजे तुझा दादा, माझे बाबा. आणि या प्रश्नाचं उत्तर मला खरंच येत नाही. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहूनच सांगते.

पाणीगेटच्या आमच्या डायलिसिस सेंटरवर मी टेक्निशियन आणि बाबा पेशंट. दर तीन महिन्यांनी सगळ्यांचं रक्त तपासतो: बी आणि सी प्रकारची कावीळ, आणि एचआयव्ही. कुणाला लागण निघाली तर त्याची मशीन वेगळी, कोपऱ्यातल्या खोलीत. एका हॉलमध्ये दिवसभर रक्ताचंच काम चालतं, म्हणून हे करायचं. इतकं साधं. पण तारीख जवळ आली की कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाला चक्कर येते. बाबा तर भर हॉलमध्ये म्हणाले की बाजव्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं फिटर होतो, सुपारीचंही व्यसन नाही, माझ्या चालचलणुकीवर संशय घेता काय? वर टोमणा, की आमची मिताली बी.एस्सी. झाली ती बापाची अब्रू तपासायला. हॉल हसला. मी घरी येऊन रडले. काल एकदाचं दिलं रक्त. रिपोर्ट स्वच्छ.

शनिवारचं डायलिसिस उरकून ते ज्योतिबाच्या दर्शनाला तुझ्याकडे निघताहेत. गुरुवारी परत येतील, म्हणजे मधला मंगळवार चुकणार. नको म्हटलं तर ऐकत नाहीत. दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी देऊ नकोस, आणि तुझी ती आमटी मुळीच नको. समरजितदादाला नमस्कार.

तुझ्या मायेची,
मिताली

कोल्हापूर,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. मिताली हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

दादा सुखरूप पोचला असेलच. ज्योतिबाच्या पायऱ्या दमादमाने चढला, आणि चांगभलं असं ओरडला की मलासुद्धा ऐकू आलं. तुझे नियम पाळले, आमटी सोडून. एक वाटी दिली, त्यासाठी आता माझ्या नावाची फाईल काढू नकोस.

तू मंगळवारची काळजी करत होतीस ना? मग ऐक. सकाळी पायांना सूज बघून दादा घाबरला, तेव्हा माझ्या समरजितने त्याला ओळखीच्या एका सेंटरवर नेलं. किती भली माणसं! कागद मागितले नाहीत, रक्त तपासलं नाही, एक प्रश्न विचारला नाही. एक जण उठला तशी त्याच मशीनवर लगेच दादाला घेतलं. तुमच्या बडोद्याला एवढ्याशा गोष्टीला किती सोपस्कार! तुला सांगू नको म्हणून दादाने बजावलंय. तू पुन्हा सुई घेऊन मागे लागशील म्हणे. पण लेकीपासून काय लपवायचं? तू सेंटरची असलीस तरी आधी आमची. मनातच ठेव.

वेळेवर जेवत जा. लग्नाचं पुढच्या पत्रात विचारीन, आज सोडलं.

तुझी,
गंगाआत्या

बडोदे,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं आणि मंगळवारचा भाग मी तीनदा वाचला. तू चांगल्या मनाने लिहिलंस, म्हणून रागवावं कुणावर तेही कळेना. तुला जो भलेपणा वाटला, त्याचीच मला धास्ती वाटते. त्या मशीनवरून जो उठला, त्याला काय होतं हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

आधी माझी फजिती ऐक. बाबा परतले तेव्हा पाच दिवसांत वजन दोनच किलो वाढलेलं. मंगळवार खरंच चुकला असता तर चार-पाच तरी वाढतं. मला शंका यायला नको? उलट मी हॉलभर सांगत सुटले की पाणी पाळायचं तर माझ्या बाबांसारखं पाळा. बाबा मान खाली घालून ऐकत होते. बाहेर डायलिसिस केलं का, या रकान्यात त्यांना विचारून मीच ‘नाही’ लिहिलं. त्यानंतर ते तीनदा चार नंबरच्या मशीनवर बसले. त्यांच्या पाठोपाठ तिथे शालिनीबेन बसतात. त्या बालवाडीच्या शिक्षिका, माझ्यासाठी डब्यातून हांडवो आणतात. काविळीची लस दोनदा देऊनही त्यांच्या अंगी लागलेली नाही. मशीन दर वेळी धुतो, धोका थोडाच आहे. पण तो थोडा धोका शालिनीबेनना विचारून घेतलेला नाही ना!

बुधवारी रात्री जेवताना बाबांना म्हटलं, उद्या तुम्हीच सांगा. ते म्हणाले, एकदा नाही म्हटलं, आता फिरवलं तर हॉलमध्ये तोंड कसं दाखवू? इनचार्ज विक्रमसिंहभाईंना फोन केला, तर त्यांचं म्हणणं, बेन, रिपोर्ट आत्ताच झालाय, पुढची तारीख मे महिन्यात, तोवर चालसे. घरचा मामला आहे, सांभाळून घ्या. समरजितदादाकडून नंबर घेऊन त्या कोल्हापूरच्या सेंटरला विचारलं, तर बाबांच्या, म्हणजे धनाजीराव या नावाची नोंदच नाही म्हणतात.

गुरुवारी पहिली पाळी सुरू व्हायच्या आत मी मोठ्या डॉक्टरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागदावर लगेच सही केली आणि शालिनीबेनशी स्वतः बोलून त्यांची तपासणी लावली. बाबांना कोपऱ्यातल्या खोलीत, कुणी न वापरलेल्या राखीव मशीनवर मीच नेलं, रक्तही मीच घेतलं. त्यांनी हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

रिपोर्ट पुन्हा स्वच्छ आला, आणि खरा वैताग तिथून सुरू झाला. लागण झाली असली तरी ती रक्तात दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. हे मी बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, विक्रमसिंहभाईंना तर कागदावर आकृती काढून सांगितलं. सगळ्यांचं एकच, स्वच्छ आहे ना, मग झालं. बाबा काल म्हणाले, दिलेला कागद मागे घे, नाहीतर मी दुसरं सेंटर बघतो. स्वतःच्या बापाला कोपऱ्यात बसवायला तुला शिकवली नव्हती. आईने तर माझ्यापुढे हात जोडले. आत्या, मी शिकले त्याचा घरात सगळ्यांना अभिमान आहे. फक्त शिकलेलं वापरायचं नाही.

समरजितदादाला सांग, ओळखीचं सेंटर म्हणजे चांगलं सेंटर नव्हे. तू माझ्यावर रागावशील. रागाव, पण माया तोडू नकोस. बाबा खुशाल दुसरीकडे जाऊ देत. तिथल्या रकान्यातही ते ‘नाही’च सांगतील. म्हणून आज सकाळी, ते समोर बघत असताना, कुठलंही धड सेंटर आधी मागतं त्या त्यांच्या डायलिसिसच्या वहीच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं: ११ फेब्रुवारी, कोल्हापूर, बाहेर डायलिसिस, रक्त न तपासता. खाली पुढच्या तीन तपासण्यांच्या तारखा घातल्या, सेंटरचा शिक्का मारला, आणि वही त्यांच्या हातात दिली.

तुझीच,
मिताली