विहिरीच्या लाइनची पाळी

९ जाने. ६७, सोम.
सकाळपासून सबस्टेशनात तीनदा लाइन ट्रिप. ब्रेकर पडते, मी उचलतो. ह्याच कामासाठी मॅट्रिक झालो.
वरून फोन, कोळसा कमी हाये, लोड अर्धा करा. राजूरले, आमच्याच जिल्ह्यात, कोळसा निघते अन् आमच्याचसाठी नाही. अर्धा करा म्हणे. कापसाची जिन बंद केली तं शेठ थेट साहेबाले फोन लावते. गाव बंद केलं तं वकील सबस्टेशनात येऊन उभा राह्यते. विहिरी बंद केल्या तं कोणीच येत नाही. म्हणून रोज विहिरी बंद. मीच करतो.

१२ जाने., गुरु.
कोणीच येत नाही म्हणलं, तं आज आला. तांड्यातला हरी राठोड. बाप बैलांच्या पाठीवर मीठ वाहत फिरला, यानं विहिरीवर मोटर बसवली. तांड्यातली पहिली. चार एकर गहू.
"गहू पोटरीत आला, भिया. पाणी कवा?"
म्हणलं, मले काय इचारतं, कोळशाले इचार. हासला नाही. पायरीवर बसून राह्यला. फाटकाबाहेर काढायचं होतं, काढलं नाही. राग आलता. त्याच्यावर नाही.

१५ जाने., रवि.
सुट्टी. तरी सबस्टेशनात. लॉगबुकातले आठ दिवसाचे आकडे काढून बसलो. गोष्ट सोपी हाये, सारे एकाच वेळी मागतात म्हणून लाइन पडते. जिनीत कापसाच्या गाड्या दुपारी खाली होतात, सकाळी मशीन अर्धी रिकामीच फिरते. मग सकाळी ६ ते ११ विहिरी, जिन १२ पासून. विहिरींचे पण दोन भाग, एक दिवस आड.
कागद साहेबाले दाखवला. ज्यु. इंजिनिअर, वय सव्वीस, मले "अहो ऑपरेटर" म्हणते. म्हणाला, "बघू."

१९ जाने., गुरु.
साहेबानं तोच कागद स्वतःच्या अक्षरात वर पाठवला. मंजूर. शाबासकीचं पत्र आलं त्याले. मले वाचून दाखवलं, चहा पाजला. असो.
उद्यापासून पाळी. टिनाच्या पाटीवर मीच रंगवली, फाटकाले टांगली. खाली मोठ्या अक्षरात, "पाळीच्या बाहेर लाइन येणार नाही."
सुमन म्हणे, "एवढं पक्कं कायले लिहिता? लाइन काय तुमच्या बापाची हाये?" नवऱ्याच्या कामात बायकोनं बोलू नये. बोलते.

२४ जाने., मंगळ.
पाच दिवसात एक ट्रिप नाही. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. कोणाले सांगू?
हरी आलता. लाइन कधी सहाले येते, कधी पावणेसातले. गेली की मोटर बंद, आली की परत कोणाले तरी बटन दाबावं लागते. तांड्यापासून विहीर दोन मैल. थंडीत तिथं जाऊन बसा, नाहीतर पाळी वाया.
मग सांगतलं त्याले. हिरव्या बटनात कपाशीच्या पऱ्हाटीची काडी ठोस, बटन दाबलेलंच राहू दे. लाइन आली की मोटर आपोआप चालू. नियमात बसत नाही. पण पाणी तं भेटन.
"अन् मधातच आली तं?"
"पाटी वाच," म्हणलं.
वाचता येते त्याले. वाचली.

२९ जाने., रवि.
साऱ्या लाइनभर काड्या झाल्या. सहाले स्विच टाकला की मीटरचा काटा एकदम उडी मारते. सांभाळून घेतो. हरीनं ओल्या हरभऱ्याची पेंडी आणून दिली. सुमननं सोले काढून भाजी केली. दोन दोन वेळा वाढून घेतली.
बरं वाटते आजकाल. लिहून ठेवतो, नाहीतर खोटं वाटन.

४ फेब्रु., शनि.
लिहिवत नाही.

५ फेब्रु., रवि.
लिहितो. नाहीतर उद्या मीच काही दुसरं म्हणीन.
काल एक वाजून चाळीस मिनिटांनी साहेबाचा फोन. तांड्याच्या अलीकडच्या, विहिरींच्याच लाइनवरच्या खेड्यात इलेक्शनची सभा, लाउडस्पीकर लावायचा हाये, विहिरींची लाइन दोनले चालू करा. म्हणलं, साहेब, पाळी नाही, लोकायले सांगावं लागन. "तासाभराचं काम आहे हो. कोणाला काय कळतंय?"
दोनले चालू केली. खरं लिहितो, मनात वाईट काही आलंच नाही. उलट वाटलं, हरीले एक घंटा फुकटचं पाणी भेटन.
हरीच्या पंपाचा पट्टा तुटलता. सकाळची पाळी संपल्यावर उतरवून शिवला. दोनले परत पुलीवर चढवून राह्यलता. पाळी नाही म्हणून बिनधास्त. काडी बटनातच, दुसऱ्या पाळीसाठी. मेन स्विच बंद करून मगच पट्ट्याले हात लाव, हे मी सांगतलंच नव्हतं. काडीचं सांगतलं, मेनचं राह्यलं.
उजवा हात. मनगटापासून गेला.
लाइनमन गणपत सभेत होता. त्यानं सांगतलं, भाषणात तांड्या-तांड्यात वीज देऊ म्हणत होते. लोकायनं टाळ्या वाजवल्या.

८ फेब्रु., बुध.
यवतमाळले सरकारी दवाखान्यात गेलतो. खाट नाही, व्हरांड्यात सतरंजीवर. हातावर पांढरं बांधलेलं. मले पाहून उठायले लागला.
"पोलीस येऊन गेला, भिया. काडी मीच ठोसली म्हणून सांगतलं, माह्याच मनानं. तुमचं नाव काढलं नाही. तुमाले लेकरं हायेत."
त्याले नाहीत काय? तीन हायेत.
त्याची बायको लालीबाई भिंतीले टेकून बसली होती. एकच इचारलं तिनं, "पाळी नव्हती ना?"
"नव्हती."
येताना सारा रस्ता मले कोणी शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

११ फेब्रु., शनि.
साहेबानं केबिनीत बोलावलं. दार लावलं. लॉगबुकात माह्या अक्षरात लिहिलेलं हाये, "२.०० वि. लाइन चालू, साहेबांच्या फोनवरून". ते पान नवं लिहा म्हणे, "लाइन तपासणीसाठी" असं.
"पान बदलणार नाही," म्हणलं. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोललो त्याच्याशी.
तो शांतच. "नका बदलू. पण चौकशीत विचारतील, स्टार्टरला काडी कोणी घातली. ग्राहकाने घातली असेल तर भरपाई नाही, विषय संपला. फोन वगैरे कोणी काढणारच नाही. ग्राहकाने नसेल घातली, तर कोणाच्या सांगण्यावरून?"
माह्याकडे पाहत राह्यला. त्याले ठाऊक हाये. लाइनभर काड्या कशा झाल्या हे त्याले कळणार नाही काय?
म्हंजे तोही सुटते, मीही सुटतो. हरीच्या हातावर.

१९ फेब्रु., रवि.
फाटकाची पाटी काढून आणली. साहेब म्हणे, पाळी बंद, वरून दुसरा हुकूम येईपर्यंत पहिल्यासारखं करा. म्हंजे विहिरी बंद. गणपत म्हणे, हरीचा गहू पिवळा पडून राह्यला. दिराले पाठवून लालीबाईनं इचारलं, लाइन कवा येईन. काय सांगू?
सुमनले आज सारं सांगतलं. काडीचंही. मग म्हणे, "नोकरी जाईन तं जाईन, मी काय उपाशी मरणार नाही." नंतर चुलीपुढं रडत होती. दोन्ही खरं.

२७ फेब्रु., सोम.
नागपूरचे इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर आले. सबस्टेशनातच चौकशी. मोठं टेबल बाहेर काढलं. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून.
हरीले गाडीत घालून आणलं तांड्यातल्यायनं. इन्स्पेक्टरनं इचारलं, काडी कोणी घातली.
"मी."
"कोणी सांगितलं होतं?"
"कोणी नाही जी. अडाणी माणूस."
अडाणी म्हणला स्वतःले. माह्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं होतं त्यानं.
जबानी लिहिली. हरीले सही करता येते, उजव्या हातानं येत होती. डाव्या हाताचा अंगठा घेतला. मग इन्स्पेक्टरनं कागद माह्याकडे सरकवला. "ऑपरेटर, साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा. जबानी तुमच्यासमोर झाली, तुमच्या माहितीप्रमाणे खरी आहे."
टाक हातात घेतला. साहेब खिडकीतून बाहेर पाहून राह्यलता.
म्हणलं, चष्मा घरी राह्यला, घेऊन येतो. हरी पायरीवरून म्हणाला, "जा भिया, आम्ही बसलोच हाओ. घाई नाही."
घर फाटकाले लागूनच. येऊन बसलो अन् हे लिहून राह्यलो. चष्मा खिशातच होता. लिहायच्या आधी तिथूनच काढून डोळ्यावर घातला. शिपाई दुसऱ्यांदा बोलवायले आला. सुमन दारात उभी, माह्याकडे पाहते. जातो.