कोण कुठं झोपतं त्याची वही आणि पत्र्याचं घर

लिहून ठेवणार: बनाबाई मसाजी गडदे, वय ७३, धंदा पूर्वी शेळ्या, आता घरकाम, राहणार मौजे खडकवाडी, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली.

आज मी पूर्ण शुद्धीत आहे. गुडघे सोडले तर मला दुखणे नाही, आणि गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. मला कुणी धमकावले नाही, कुणी गोड बोलून फसवले नाही. वसमतच्या वकिलांनी सांगितले की साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहिले तरी बराबर चालते, म्हणून स्वतः लिहिते आहे. याच्या आधी मी असा कागद केलेला नाही. कुणी दाखवला तर तो खोटा समजावा.

मला दोन मुलगे, भारत आणि परमेश्वर, आणि एक मुलगी, सपना. तिघेही हयात. माझे मालक मसाजी नऊ वर्षांपूर्वी गेले. शेत त्यांनी जिवंतपणीच दोन्ही मुलांना वाटून दिले. मागे राहिले हे घर. यंदा पोळ्याला दोघे भाऊ ओट्यावर बसून बोलत होते की आईच्या माघारी ही जागा विकून टाकू, रस्त्याला लागून आहे, आणि सपना सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे राहील. त्यांना वाटले मला ऐकू येत नाही. मला कमी ऐकू येते, अजिबात येत नाही असे नाही. त्या दिवसापासून हे मृत्युपत्र माझ्या डोक्यात आहे.

कलम १. घर. हे घर आणि खालची जागा ग्रामपंचायतीच्या नमुना आठला माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते का, हे सांगून ठेवते, कारण उद्या मुलगे वडिलोपार्जित म्हणतील. किल्लारीकडे भूकंप झाला त्या साली आमच्या गावाखालूनही गुरगुर ऐकू यायला लागली. भांडी वाजायची. आमचे जुने घर दगडमातीचे आणि वर दोन हात मातीचे माळवद. तिकडे माणसे अशाच माळवदाखाली मेली, हे मी बाजारात ऐकून आले आणि मला घास जाईना. मालक म्हणाले, "बापजाद्यानं बांधलंय, काय व्हत न्हाई." मी म्हणाले, "बापजादे वर गेले, खाली आपली लेकरं झोपतात." मी पाळलेल्या अकरा शेळ्या जवळा बाजारला नेऊन विकल्या, गावाच्या कडेला जागा घेतली आणि विटांचे, पत्र्याचे हलके घर उभे केले. गाव हसले. उन्हाळ्यात पत्रा तापला की मालकही हसायचे.

भूकंप काही आला नाही. हादरे अजून येतात, मागच्या साली मांडणीतली ताटे पडली, पण घर पडावे असा आला नाही. त्यासाठी देवाला हात जोडते. पण तो येणार म्हणून माझ्या नावावर घर झाले, एरवी मला कोण घर देत होते? आमच्या घराण्यात बाईच्या नावावर झालेला पहिला कागद हाच. म्हणून ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे आणि ती कुणाला द्यायची ते मी ठरवणार.

कलम २. अवजारे. मातीखालून माणसे काढायला म्हणून मी तेव्हा एक पहार, दोन फावडी आणि चार घमेली घेतली होती. त्या अवजारांनी एकही माणूस काढावा लागला नाही. परसातल्या सहाही झाडांचे खड्डे मात्र त्याच पहारीने खणले, आणि त्यातल्या लिंबाच्या सावलीत मालकांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले. पहार आणि घमेली भारताला. फावडी परमेश्वरला. हिंगोलीत त्याच्या दारापुढे दोन कुंड्या आहेत, तेवढ्याला पुरतील.

कलम ३. वही. घर पडले तर कुणाला कुठून उकरायचे हे कळायला हवे, म्हणून घरोघर जाऊन कोण कुठं झोपतं ते लिहून घ्यायचे मी ठरवले. पण मला लिहिता कुठे येत होते? सपना तेव्हा तिसरीत होती. तिने मला पाटीवर अक्षरे शिकवली. "आई, घ येगळा आन् ध येगळा, किती बार सांगू गं?" म्हणून कपाळावर हात मारायची. चाळिशीच्या बाईला नऊ वर्षांचे लेकरू रागवायचे आणि मला ते फार आवडायचे. तेवढा एक हिवाळा परत मिळाला तर मला दुसरे काही नको.

माझी जाऊ आशाबाई नऊ वर्षे माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या बोकडाने तिची तूर खाल्ली होती. बोकड मीच सोडला होता, हे आता लिहून टाकते. वही घेऊन मी तिच्या दारात गेले.

"तुला काय करायचं आमी कुठं झोपतो ते?"

"माती उपसायची येळ आली तर कुठून सुरू करू, सांग."

तिने हातातले सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "चुलीच्या बाजूला. अन् आधी लेकरं काढ." तेव्हापासून आम्ही बोलायला लागलो, ते ती जाईपर्यंत. तिची मला रोज आठवण येते.

त्या वेळचे सरपंच किशनराव कदम चारचौघांत म्हणाले होते, "बने, भूकंप काय तुझी वही वाचून येनार हाय?" ते अजून माझ्या मनात आहे. कोरोनाच्या साली त्यांच्या घरचे सगळे पुण्यात अडकले. ते मागच्या खोलीत एकटे आहेत हे वहीवरूनच ध्यानात आले आणि दोन महिने त्यांना भाकरी माझ्या घरून गेली. भाकरी खाल्ली, चुकलो असे काही म्हणाले नाहीत. म्हणून त्यांनाच साक्षीदार केले आहे. सहीआधी सगळे वाचावे लागेल.

वही सपनाकडे राहील. दर दिवाळीला नवी करायची.

कलम ४. पासबुकातून माझे दिवस साधेपणाने करावेत. उरेल ते तिघांत सारखे.

कलम ५. सपना. हे लिहायला मला तीन दिवस लागले. लग्न झाले तेव्हा मी वहीतल्या तिच्या नावावर रेघ मारली. सगळ्यांच्याच मुलींच्या नावावर मारत होते. २०११ साली तिच्या नवऱ्याने दुसरी केली आणि ती परत आली. त्या दिवाळीला मी तिचे नाव परत लिहिले आणि पुढे लिहिले, पाहुणी. लोक वही बघतात, काय म्हणतील, एवढेच माझ्या मनात. पुढे दरवर्षी वही नवी केली आणि दरवर्षी तेच लिहिले. जिने मला प काढायला शिकवला तिच्याच नावापुढे. एकदा तिने वाचले. भाकरी थापत होती. "आई, पाहुनी किती दिवस असती गं?" एवढेच विचारले आणि पुढचा गोळा हातात घेतला. मी वही मिटून जागेवर ठेवली. सपना, माझे चुकले. मला त्याची फार लाज वाटते.

तरी माझ्या मयतीनंतर हे घर, खालची जागा, परसातला बोअर आणि झाडे, सगळे सपनाच्या एकटीच्या मालकीचे होईल. राहायचे, भाड्याने द्यायचे की विकायचे, ते ती ठरवेल. हक्कसोडपत्राचा कागद आणि वर साडीचोळी ठेवून कुणी पुढ्यात बसले तर सपना, साडी घे, सही करू नको.

भारत, परमेश्वर, तुम्हाला राग येईल. येऊ द्या. माझ्या दिवसांना बायकालेकरे घेऊन याल, तेव्हा घर भरेल. कुणी कुठे झोपायचे ते सपना सांगेल आणि वहीत तुमची नावे तीच लिहील. तुमच्या नावापुढे ती पाहुणे लिहिणार नाही, याची मला खात्री आहे. ती माझ्यावर गेलेली नाही.

सही: बनाबाई मसाजी गडदे

आमच्या समोर सही केली, ती पाहून आम्ही साक्षीच्या सह्या करतो.
साक्षीदार १: किशनराव कदम, राहणार खडकवाडी. सगळे वाचले.
साक्षीदार २: पुनम हरीश साखरे, अंगणवाडी सेविका, राहणार खडकवाडी.

ठिकाण: खडकवाडी, तालुका वसमत
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५