चियांग रायचं अफूचं म्युझियम

माय, मी थायलंडला जाऊन आले. हा देश कुठे आहे हे तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, चिखलदऱ्याच्याही पल्याड हाय का? तिथल्या उत्तरेकडच्या चियांग राय नावाच्या प्रांतात आम्ही पाच दिवस होतो. अमरावतीच्या एका विहारातल्या बाया चालल्या होत्या, मुलाने त्यांच्यात माझं नाव घातलं. फोनवर म्हणाला, आई, बाबा गेल्यापासून तू अकोल्याच्या त्या दोन खोल्यांबाहेर पडली नाहीस, जा जरा. मी गेले. विहार पाहिले, डोंगर पाहिले, एक धबधबा पाहिला. पण लिहायला बसले ती त्यासाठी नाही. तिथे अफूचं एक म्युझियम आहे. ते पाहिल्यापासून, आपल्या गावच्या विहाराच्या अंगणात मी बायांसमोर तुला जे बोलले ते डोक्यातून जात नाही. तू जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि त्याबद्दल आपण दोघी एकदाही बोललो नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला पांढऱ्या विहारात नेलं. चुन्याहून पांढरा, त्यात आरशाचे तुकडे बसवलेले, उन्हात डोळे दिपतात. आत जायच्या पुलाखाली शेकडो हात वर आलेले दाखवले आहेत, काही मागत असल्यासारखे. सगळ्यांना तिथे फोटो हवा होता, आणि सगळ्यांचे फोटो मीच काढले, कारण माझ्या शेजारी उभं राहायला कोणी नव्हतं. बसमध्येही सगळ्या जोडीजोडीने बसायच्या. माझ्या बाजूच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा मोठा डबा ठेवलेला असायचा. कोणी वाईट वागलं नाही. "ताई, चटणी द्या" म्हणून दिवसातून दोनदा आवाज यायचा, तेवढंच बोलणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका जुन्या लाकडी विहारात भिक्खू वंदना म्हणत होते. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण मधेच त्रिशरण ओळखू आलं आणि आमच्या बाया त्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणू लागल्या. दोघी-तिघी रडल्या. मला रडू आलं नाही. तू त्रिशरण म्हणताना दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेला हमखास चुकायचीस आणि मग नुसते ओठ हलवायचीस, ते मला आठवलं.

म्युझियम तिसऱ्या दिवशी. मोठी गढूळ नदी आहे, तिच्या काठावर उभं राहिलं की तीन देश दिसतात. त्या डोंगरांत पूर्वी अफूच पिकायची. म्युझियम रस्त्याच्या कडेला, लहानसंच. आत अफू ओढायच्या नळ्या, बोंडाला चिरा पाडायच्या तीन पात्यांच्या सुऱ्या, तोलायला हत्ती आणि हंसांच्या आकाराची पितळेची वजनं. आणि भिंतीवर एक फोटो. डोंगराच्या उतारावर एक बाई वाकून बोंडांना चिरा देते आहे, पाठीला मूल बांधलेलं, त्याची मान एका बाजूला पडलेली. गाढ झोप. आमच्या गाइड मुलीला मोडकं हिंदी येत होतं. ती म्हणाली, दवाखाना इथून दोन दिवसांच्या वाटेवर होता. खोकला आला, पोट दुखलं, मूल रडलं, तरी हेच द्यायचे. चांदूर बाजारकडची एक वहिनी माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, "हे तं आमच्या आजीच्या डबीत राहे." मग एकेकीला आठवायला लागलं. कोणाच्या घरी मोहरीएवढी गोळी द्यायचे, कोणाच्या घरी तिळाएवढी. एक लठ्ठ मावशी म्हणाली, "मले दोन देल्ल्या असन, म्हणून बसमध्ये बसल्याबरोबर माया डोया लागते." त्या फोटोपुढे सगळ्या हसल्या. मग कोणीतरी मला विचारलं, ताई, तुम्ही तर नर्स होत्या, खरंच वाईट असते का ते? मी म्हणाले, हो, वाईटच असतं. मी बाहेर येऊन नदीकडे तोंड करून बसले.

ते वाईटच होतं, हे मी आजही म्हणेन. अमरावतीला ट्रेनिंगमध्ये असताना पहिल्याच वर्षी एका बाईने चार महिन्यांचं मूल आणलं होतं. ओठ निळे, श्वास मोजून घ्यावा इतका लांब लांब. ते संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, रोजच्याएवढीच देल्ली होती. त्या मुलाला कपड्यात गुंडाळून मीच तिच्या हातात दिलं. त्यानंतर मला गावातल्या प्रत्येक बाईच्या कमरेची पिशवी झडती घेऊन पाहावीशी वाटायची. पण मला दुसरंही माहीत होतं, ते मी त्या काळात बाजूला ठेवलं होतं. मी सहा-सात वर्षांची आहे. कापसाच्या वावरात, धुऱ्यावरच्या बाभळीला धाकट्याची झोळी बांधलेली आहे, आणि माशा हाकलायला तू मला तिथे बसवलं आहेस. सरकारी परमिटवर अफू मिळणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या बायकोकडून तू ती आणायचीस, नखावर घेऊन दुधात कालवायचीस. पोरगं रडलं की बाई उठते, बाई उठली की तिची पात, म्हणजे वेचायची ओळ, मागे पडते, आणि तिसऱ्यांदा पात मागे पडली की दिवाणजी उद्या येऊ नको म्हणतो. हे मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. झोळीजवळ बसून मला ते दिसत होतं. पदराच्या ओटीत कापूस घेऊन तू पात सोडून धावत यायचीस, त्याच्या नाकाखाली बोट धरायचीस आणि तशीच परत धावायचीस. एका दुपारी असं किती वेळा, ते मी मोजलेलं नाही.

नोकरी लागल्यावर पहिली सभा मी आपल्याच गावात लावली. तुला किती आनंद झाला होता. विहाराचं अंगण तू स्वतः सारवलंस, बसायला दरी आणलीस, घरोघरी जाऊन बाया बोलावल्यास, आणि पांढऱ्या साडीतल्या लेकीसमोर पहिल्या रांगेत बसलीस. मी तक्ता लावून बोलले. मग विचारलं, कोणकोण मुलांना अफू देतं? कोणीही हात वर केला नाही. पुन्हा विचारलं. सगळ्या पदर तोंडाला लावून एकमेकींकडे पाहत होत्या. मला निळ्या ओठांचं ते मूल दिसत होतं. मी म्हणाले, "लपवता काहून? ही पुढं बसली नं, माही माय, इनं आमाले सगळ्यायले देल्ली. विचारा तिले." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळ्या ऐकत होत्या, आणि आपलं बोलणं ऐकलं जातंय याची मला पहिल्यांदाच चव लागली होती. मी पुढे म्हणाले, "पोट्ट्याले अफू चारून जे बाई वावरात जाते, तिले माय म्हणाव का?"

तू उठून गेली नाहीस. सभा संपेपर्यंत बसलीस, मग दरी झटकून घडी केलीस आणि माझी लशींची पेटी उचलून फाट्यापर्यंत आलीस. एसटी दिसल्यावर म्हणालीस, "जाय, अंधार पडन." मला वाटलं, तू विसरलीस.

तीन वर्षांनी माझा मुलगा झाला. तू डिंकाचे लाडू घेऊन दवाखान्यात आलीस, खाटेजवळ उभी राहून त्याला कितीतरी वेळ पाहिलंस. मी त्याला तुझ्याकडे दिला तर तू दोन्ही हात पदराखाली घेतलेस. "माया हाती नोको देऊ. तू शिकेल हायस. तुयं पोरगं तूच सांभाय." रुसली आहे, जाईल राग, असं मला वाटलं. राग नव्हताच तो. नंतर तू दिवाळीला यायचीस, दाराशी बसायचीस, आणि तो रांगत तुझ्याकडे आला की पाणी आणायचं निमित्त करून उठायचीस. तो मोठा झाला, शाळेत जायला लागला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यावर हात ठेवायला लागलीस. म्हणजे तो स्वतःच्या तोंडाने सांगू शकेल, आजीने मला काही दिलं नाही, इतका मोठा झाल्यावर.

आता राहिलेलं लिहिते. रजा संपली तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. त्याचे बाबा धामणगाव रेल्वेला शाळेत मास्तर, रविवारी यायचे. उपकेंद्राला लागून माझी एक खोली, आणि हाताखाली चार गावं. चार महिने येऊन राहा म्हणून मी धाकट्याच्या हाती तुला निरोप पाठवला. तुझा उलटा निरोप आला, तिले सांग, माया भरवसा नाही. शेजारची एक मुलगी ठेवून पाहिली, ती पंधरा दिवसांत गेली. लसीकरणाच्या दिवशी अंगणात चाळीस-चाळीस बाया मुलं घेऊन बसायच्या, आणि आत हा रडून रडून काळानिळा व्हायचा. कपाटात सर्दीच्या औषधाची बाटली होती. त्याने गुंगी येते हे मला माहीत होतं, बायांना ते मीच सांगायचे. मी त्याला एक टोपण पाजलं. तो झोपला. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर येऊन डोस द्यायला बसले. त्या वर्षात दहा-बारा वेळा तरी दिलं असेल. एकदा चार वाजेपर्यंत तो उठला नाही. तोंडावर पाणी मारून, तळपाय चोळून मी त्याला उठवलं, आणि त्याने डोळे उघडल्यावर खाली जमिनीवर बसून राहिले. त्यानंतर बंद केलं, असं मला लिहावंसं वाटतं. त्यानंतरही दोनदा दिलं.

हे त्याच्या बाबांना माहीत नव्हतं. मुलाला माहीत नाही. परवा त्याने फोटो पाहिले आणि विचारलं, आई, सगळ्यांत काय आवडलं? मी धबधबा म्हणाले.

तुला वाचता येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचे. तू असतीस तर हाही मलाच वाचून दाखवावा लागला असता. अंगणातलं माझं बोलणं चुकलं, एवढं मी वाचलं असतं. बाटलीचं गाळलं असतं.