सायीच्या रंगाची फियाट गौतमीस देण्याबाबत

नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स.

मी, विठाबाई म्हाळू ओव्हाळ, वय ६८, शिक्षण जुनी मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार मौजे राहू, तालुका दौंड, जिल्हा पुणे, आज सकाळी वंदना घेऊन, चहा पिऊन, चष्मा पुसून हे लिहायला बसले आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट माझा मुलगा सम्राट दोनदा म्हणाला, "आई, एवढी काय घाई हाय?" घाई आहे. दौंडच्या वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता, पण त्यातल्या रिकाम्या जागांत मला सांगायचं ते मावेना. म्हणून हिशोबाच्या वहीची कोरी पानं काढून माझ्या हातानं लिहिते.

यजमानांचं नाव वर एकदा लिहिलं, कारण कायद्याला ते लागतं. पुढे मी 'हे' असंच लिहीन. हे ९ फेब्रुवारी २०२४ रोजी वारले.

एक. राहू येथील आमचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर सम्राट आणि सून सुरेखा या दोघांच्या नावे व्हावं. दोघांच्या, हे मुद्दाम लिहिते. घराचं कर्ज फेडताना सुरेखानं स्वतःचे दागिने मोडले होते आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. घरातली बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे त्याच भिंतीला राहतील. रंग द्यायचा झाला तरी त्याच भिंतीला परत लावायचे.

दोन. माझ्या कानातल्या कुड्या आणि शिवणयंत्र सुरेखाला. यंत्राला तेल घालताना कमी घालावं, टपटपलं तर कापड जातं.

तीन. माझी नणंद मालनबाई हिनं २००४ साली दहा शेराचं पातेलं नेलं ते परत केलं नाही. मी वीस वर्षं दर दिवाळीला तिला ते आठवून दिलं. आता ते तिच्याकडेच राहू द्यावं. झाकण आमच्या माळ्यावर आहे, तेही नेऊन द्यावं.

चार. यांच्या पान्यांचा लाल पेटारा दौंडच्या गॅरेजवाल्या भैरूला. भैरू हा यांच्याबरोबर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होता, पुढे त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. पेटाऱ्यातला प्रत्येक पाना मोजून द्यावा, कारण हे मोजूनच ठेवत. त्यातली एकच वस्तू मी काढून घेतली आहे. ती कोणती ते पुढे येईल.

पाच. गाडी.

घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये सन १९७० ची फियाट मोटार आहे, रंग सायीचा. हिचा गिअर स्टिअरिंगजवळ आहे आणि पुढच्या खिडक्यांना त्रिकोणी काचा आहेत. यांच्या पश्चात सम्राटनं ना-हरकत दिल्यानं गाडीचं पुस्तक आता माझ्या नावावर आहे, म्हणून मला ती देता येते.

ही गाडी आधी साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची होती. १९९३ साली भंगारात निघाली तेव्हा यांनी लिलावात घेतली. मी आठ दिवस बोलले नाही. यांनी आठ महिने रोज पाळी संपल्यावर इंजिन उतरवून, पिस्टन बसवून, पत्रा ठोकून ती उभी केली. पहिल्यांदा वेशीतून आणली तेव्हा पारावरून जयसिंग आप्पांनी हाक मारली, "म्हाळू, चेअरमनच्या शिटावर बसतुस व्हय रं?" हे गाडी थांबवून म्हणाले, "शीट म्या नवं घातलंय आप्पा. चेअरमनचं भंगारात दिलं." पारावरची माणसं हसली, आप्पाही हसले. मी मागच्या सीटवर पदर तोंडात धरून बसले होते.

खोटं कशाला लिहू, मला ती गाडी आवडायची. सकाळी चोक ओढून हे चावी फिरवत, गाडी दोनदा खोकायची आणि मग शिवणयंत्रासारखी एका लयीत लागायची. तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास यांच्या सदऱ्याला यायचा. माझी जुनी सुती लुगडी तिला पुसायलाच जात. दर वर्षी आम्ही देहूरोडच्या विहाराला त्याच गाडीनं जात असू. तिथे गर्दीत गाडी लावली की हे बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढत, आतला रोटर उचलत आणि माझ्या हातात देत. बोटाच्या पेराएवढा तपकिरी तुकडा असतो तो. तो नसला की ठिणगी पुढे जात नाही, गाडी कुणाच्या बापाला चालू होत नाही. "ठेव कमरंला. आता गाडी तुझ्या ताब्यात," असं हे म्हणत. मी तो कमरेच्या पिशवीत ठेवी. ही युक्ती आमच्या दोघांतच होती. भैरूलासुद्धा ठाऊक नाही.

यांनी गाडी घेतली तेव्हा एक गोष्ट मनाशी धरली होती. आमच्या वस्तीतली कुठलीही मुलगी सासरी टेम्पोतून जाणार नाही. भाडं नाही, पेट्रोल आपलं. फक्त तिनं मागे डावीकडे बसायचं, कारण त्या बाजूची काच पूर्ण खाली जाते आणि आईला शेवटपर्यंत हात धरता येतो. गाडीत पुढच्या खणात यांची एक छोटी वही आहे. तीत तारीख, मुलीचं नाव, गाव आणि किलोमीटर. पहिल्या एकोणतीस ओळी नीट आहेत. तिसावी ओळ माझ्यामुळे बिघडली.

सिंधूबाई शेलार आमच्या वस्तीतलीच. नवरा लवकर गेला, उसात खुरपून तिनं गौतमीला वाढवलं. एप्रिल २०१३ मध्ये जयंतीच्या पंगतीत मी आमटी वाढत होते. सिंधूबाई भरल्या पंगतीत म्हणाली, "विठाबाईच्या दारात मोटार हाय, पर आमटीत त्याल थेंबथेंब. तळ दिसाय लागलाय बघा!" बायका ठसका लागेपर्यंत हसल्या. मीही हसले. पण ते मनात राहिलं. मी काटकसर करते, ते मला ठाऊक आहे. चारचौघांत कुणी त्याला नाव ठेवलं, ते सोसलं नाही.

पुढच्याच महिन्यात, १९ मे २०१३ रोजी, गौतमीचं लग्न होतं. मुलगा मांडवगण फराट्याचा. गाडी आदल्या दिवशीच धुऊन, पुसून, हार बांधून ठेवली होती. दुपारी हे अंघोळीला गेले. मी शेडमध्ये गेले, बॉनेट उचललं, टोपीचे दोन क्लिप सोडले आणि रोटर काढून कमरेला लावला. मग पदर सारखा करून मांडवात गेले.

पाठवणीच्या वेळी गौतमी मागे डावीकडे बसली. सिंधूबाईनं तिचा हात धरला. यांनी चावी फिरवली. गाडी नुसती घरघरली. पुन्हा फिरवली. मग हे उतरले, बॉनेट वर केलं. मी चार हातांवर उभी होते. यांनी टोपी काढली, आत पाहिलं, आणि टोपी परत बसवली.

"अजून पाच मिन्टं थांबा," हे वऱ्हाडाला म्हणाले.

पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, "अजून पाच मिन्टं." मग तिसऱ्यांदा. मधल्या वेळात उगाच वायरी हलवत राहिले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी हात पुसून म्हणाले, "कॉइल गेली. आता न्हाई व्हायची."

मुलाकडचं कुणीतरी बोललं, "वस्तीची मोटार नुसती दारात लावायलाच हाय व्हय?" दुसरा म्हणाला, "फिटर कसले, फुकटचा पगार." हे खाली मान घालून ऐकत उभे राहिले. गौतमी उतरली आणि टेम्पोत गादीवर बसली. त्या टेम्पोतून सकाळी शेळ्या बाजारला गेल्या होत्या. टेम्पोला खिडकी नव्हती. सिंधूबाई मागे धावली, पण हात पोचला नाही.

संध्याकाळी मी रोटर जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी हे दौंडला जाऊन नवी कॉइल घेऊन आले, बसवली, गाडी चालू केली. मी म्हटलं, "झाली का?" हे म्हणाले, "झाली." एवढंच. मी मनाची समजूत घातली की यांनी गडबडीत टोपीत नीट पाहिलंच नाही. तीस वर्षं फिटरचं काम केलेल्या माणसाबद्दल अशी समजूत घालून मी अकरा वर्षं जेवले, झोपले, वंदना घेतली.

हे गेल्यावर पेटारा आवरला, लग्नाकार्याचा सदरा काढला. सदऱ्याच्या खिशात रुमाल, रुमालात रोटर. कोरा, कधी न वापरलेला. पेटाऱ्याच्या तळाशी त्याचं खोकं होतं. मी काढून घेतलेली वस्तू ती हीच. गौतमीनंतर वस्तीतल्या सात मुली सासरी गेल्या. प्रत्येक वेळी हे खिशात दुसरा रोटर घेऊन निघाले होते. बायकोनं पुन्हा काढला तर असावा म्हणून. मला कधी विचारलं नाही.

मग गाडीतली छोटी वही उघडली. १९ मे २०१३, गौतमी, मांडवगण. किलोमीटरच्या जागी यांच्या अक्षरात 'कॉइल'. यांनी आयुष्यात पंचशील मोडलं नव्हतं. मी न दिलेलं घेतलं, वर खोटेपणा केला, तो माझा भोग. पण यांच्या हातून त्यांच्याच वहीत खोटं लिहून घेतलं. रोज सकाळी 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलणार नाही, असं म्हणताना माझा आवाज तिथे बसतो. सुरेखाला वाटतं, खोकला आहे. खोकला नाही.

आता त्या पाच-पाच मिनिटांचा अर्थ कळतो. ती वऱ्हाडासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. तीन वेळा यांनी वाट पाहिली. रोटर माझ्या कमरेला होता आणि मी पदर घट्ट धरून उभी राहिले.

म्हणून: सदर फियाट मोटार, दोन्ही रोटर, छोटी वही आणि जॅकसह, गौतमी (माहेरची शेलार), राहणार मांडवगण फराटा, तालुका शिरूर, हिला मी देत आहे.

सम्राट रांजणगावच्या कंपनीत आहे. तो म्हणतो, "आई, काळा मॅट रंग मारू, मोठी व्हीलं टाकू, लग्नाच्या शूटिंगला दिवसाचं आठ हजार भाडं येतंय." बाळा, तुझा हिशोब बरोबर आहे. हिशोबानंच मी इथवर आले. गाडी तुला देत नाही, राग मानू नकोस.

जुनी गाडी देणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात खर्च बांधणं, हे मला कळतं. म्हणून माझी पोस्टातली ठेव गाडीबरोबर गौतमीला. विमा, टायर आणि दर पाच वर्षांनी आरटीओची तपासणी त्यातून व्हावी. बाकी सूचना: आठवड्यातून एकदा चालू करून किमान पाटसपर्यंतचं अंतर तरी फिरवावी, नुसती जागेवर घरघरवू नये. इंजिनावर पाणी मारू नये. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. भैरूकडून नव्या नळ्या घालून घेतल्या आहेत, तरी वास आला तर लगेच बघावं. ऊसतोडणीच्या दिवसांत उंदीर रानातून घरात येतात, तेव्हा वायरी रोज तपासाव्या. आणि कुणी मुलीसाठी मागितली तर नाही म्हणू नये. ही अट नाही. अट घालायचा मला अधिकार नाही.

गौतमीनं गाडी नको म्हटलं तर तोही तिचा अधिकार. मग ती वस्तीच्या विहाराकडे जावी.

साक्षीदारांबद्दल. वकीलसाहेब म्हणाले, "साक्षीदारानं तुमची सही होताना पाहिली की झालं. आत काय लिहिलंय ते त्याला सांगायची गरज नाही." मी एक साक्षीदार भैरूला बोलावलं. दुसरी सिंधूबाईला. तिला वाचता येत नाही. गुपचूप अंगठा घेता आला असता. इथवरचं सगळं तिला मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शेळ्यांच्या टेम्पोपाशी आले तेव्हा थांबले, तर ती म्हणाली, "वाच की. थांबलीस का?"

वाचून झालं. तिनं अंगठ्याच्या शाईची डबी बाजूला सरकवली. म्हणाली, "म्हाळूभाऊला म्या बारा वर्सं नावं ठिवली. ज्याला त्याला सांगितलं, त्याच्या हातात काय राह्यलं न्हाई आता. आन् त्यो मला दिसला की राम राम... न्हाई, जयभीम घालायचा. खाली बघून."

मग तिनं विचारलं, "चालू हाय का गाडी?"

"हाय," मी म्हटलं.

"मंग मी हितं अंगठा देत न्हाई. चल. लेकीच्या दारात चल आन् तिच्या म्होरं वाच. तू मेल्यावर तिला कागद घावणार, आन् ती कुणाला बोलणार? तुझ्या फोटूला?"

म्हणून पुढचं मांडवगणला लिहिते आहे. भैरूनं गाडी चालवली. पारगावच्या पुलावर सिंधूबाईनं डावीकडची काच पूर्ण खाली केली आणि हात बाहेर धरला, तो मांडवगण येईपर्यंत आत घेतला नाही.

गौतमीनं उभ्यानं सगळं ऐकलं. तिची मुलगी आता पाचवीला आहे, तीही ऐकत होती. गौतमी म्हणाली, "काकू, सासूबाई मरेस्तोवर मला 'शेळीवाली' म्हणत होत्या. ते तुमच्या ठेवीतनं फिटत न्हाई." मी म्हटलं, "न्हाई फिटत." ती म्हणाली, "गाडीचं मी नंतर सांगते. आज हो म्हणत न्हाई." तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मग मागचं डावं दार उघडलं, आत बसली, आणि खिडकीतून आईला म्हणाली, "आये, हात दे."

मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिते आहे. बॉनेट गरम आहे, अक्षर हलतं आहे, ते समजून घ्यावं. छोट्या वहीतलं 'कॉइल' मी एका रेघेनं खोडलं आणि शेजारी माझ्या हातानं लिहिलं: 'रोटर विठाबाईनं काढला होता.'

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. वरील मजकूर खरा आहे.

सही: विठाबाई म्हाळू ओव्हाळ

आमच्या समक्ष सही झाली:
१. भैरू, गॅरेज, दौंड (सही)
२. सिंधूबाई शेलार, राहू (डाव्या हाताचा अंगठा; उजवा हात गौतमीच्या हातात होता)

ठिकाण: <s>राहू</s> मांडवगण फराटा, तालुका शिरूर
दिनांक: १२ मे २०२५, वैशाख पौर्णिमा