दोन खुणा आणि एक ठिपका

९ मार्च

चि. पाना,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, माझा उजवा कान संपावर गेलाय, बाकी इंजिन चालू आहे. तुझा पत्ता मावशीकडून घेतला. देताना तिने मला दहा मिनिटं सुनावलं. तेवढं मात्र डाव्या कानाने नीट ऐकू आलं.

सात वर्षांनी हे नाव लिहितोय. रांगत होतीस तेव्हा दहाचा पाना तोंडात घालून बसायचीस, त्यावरून पडलेलं. बस डेपोच्या वर्कशॉपात तू आता मोठी मिस्त्री झालीस, असं मावशी म्हणाली. मी म्हटलं, "होणारच."

गॅरेज चालू आहे, पण गिऱ्हाईक रोडावलंय. नव्या गाड्यांत इंजिनाला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटरच नसतो. ठिणगी कधी पाडायची ते कॉम्प्युटर ठरवतो आणि तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. बरंच आहे म्हणायचं.

पत्राचं कारण बेकरीवाल्याची व्हॅन. हो, तीच. त्या दिवसापासून ती त्याच्या भट्टीमागे ताडपत्रीखाली उभी होती, बॉनेटला त्याने कोणाला हात लावू दिला नाही. आता बेकरी दुसऱ्या जागी हलते आहे. गेल्या सोमवारी तो आला आणि म्हणाला, "भंगारात घालू की चालू होईल, ते आठ दिवसांत सांग." त्याचं उजवं मनगट अजून वाकडंच आहे. पीठ डाव्या हाताने मळतो.

मंगळवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरची टोपी तडकलेली, आतले पॉइंट गंजून काळे, रोटरवर हिरवट थर. हे सगळं नवं घालता येतं. पण काही काढण्याआधी सवयीप्रमाणे बुडाशी फडकं मारलं, खूण बघायला.

तिथे तुझी खूण होती. छिन्नीची बारीक रेघ, अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी खाली इंजिनवर. ठिणगीचं टायमिंग लावून झालं की तू ती मारायचीस, म्हणजे पुढच्या वेळी दोन तुकडे जुळवले की काम झालं. पण इथे ते जुळत नव्हते. नखभर सरकलेले होते. आणि शेजारी माझा पांढरा ठिपका, दोन्हींवर मिळून एक, कुठेही न तुटलेला.

ठिपका मी सगळ्यात शेवटी देतो हे तुला माहीत आहे. तो पडला की त्या कामाला कोणी हात लावायचा नाही, हा आपल्या गॅरेजचा कायदा. म्हणजे तुझ्यानंतर तिथे लागलेला हात माझाच.

मी उगाच आत्ताच कळल्यासारखं लिहितोय. मला माहीत होतं. त्या सकाळी तू टायमिंग लावलंस, रेघ मारलीस आणि हात धुवायला मागे गेलीस. मला वाटलं, भरलेली व्हॅन चढाला दमते, ठिणगी जरा लवकर पडली तर बरी ओढेल. आणि खरं सांगायचं तर पोरीने लावलेलं टायमिंग जसंच्या तसं गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं, हे मला सोसवत नव्हतं. क्लॅम्प सैल केला, डिस्ट्रिब्युटर नखभर फिरवला, आवळला, ठिपका दिला. तुला बोललो नाही. दुपारी बेकरीवाल्याने व्हॅन चालू करायला पुढून हँडल मारलं. ठिणगी वेळेआधी पडली, हँडल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं.

सगळ्यांदेखत मी म्हणालो, "पोरीच्या हातात दिलं, तिथेच चुकलं." तू एवढंच म्हणालीस, "बाबा, एकदा खूण बघा." मी बघितली नाही. बघितली असती तर कबूल करावं लागलं असतं. मग तू हत्यारांची पेटी न घेताच निघून गेलीस आणि मी लोकांना सांगत सुटलो, की हल्लीच्या पोरांना एक शब्द खपत नाही. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

मंगळवारी नवे पॉइंट, टोपी, रोटर घातले. पुलीवरची खूण काट्यासमोर आणली, तुझ्या रेघेचे तुकडे जुळवले आणि तपासायचा बल्ब जोडला. पॉइंट उघडले की ठिणगी पडते, आणि त्याच क्षणी तो लागतो. नेमका तुझ्या रेघेवर लागला, केसभरही इकडेतिकडे नाही. मी तीनदा करून बघितलं. मनात कुठेतरी आशा होती, की तूही थोडी चुकलेली निघशील. नाही निघालीस.

मग हँडल मारलं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून, तू गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचीस तसा. दुसऱ्या फेरीला व्हॅन चालू झाली. कानावर आता भरवसा नाही, म्हणून बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिलो. एकही ठोका चुकत नव्हता. मला रडू आलं, ते पुसताना तोंडाला ग्रीस लागलं, आणि तशाच अवतारात मी बेकरीत गेलो.

बेकरीवाल्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ तोच ट्रे पुसत राहिला. मग म्हणाला, "सात वर्षं त्या पोरीला नावं ठेवली मी. आता तेवढीच वर्षं तुला ठेवायची आहेत, तोवर मरू नकोस." मी निघालो तर मागून म्हणाला, "व्हॅन भंगारात नाही घालत. हँडल मीच मारणार. पण ती पोरगी समोर उभी असेल तेव्हा."

आईला सांगायला बसलो तर तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही. "मला काय सांगता? जिला सांगायचं तिला लिहा."

म्हणून लिहितोय. पाना, माझं चुकलं. हात चुकला तो एकदाच, पण तोंड सात वर्षं बंद ठेवलं, त्याला माफी कशी मागायची ते मला येत नाही.

तुला ये म्हणायचा हक्क राहिलाय की नाही, ठाऊक नाही. तरी म्हणतो, ये. या तीस तारखेला बेकरी हलते आहे. नव्या जागी पहिला माल याच व्हॅनमधून न्यायचा, असं त्याने ठरवलंय. नाही जमलं तर दोन ओळी लिही, शिव्या लिहिल्यास तरी चालेल, आई वाचून दाखवेल आणि तिला बरंच वाटेल.

क्लॅम्प तुझ्या रेघेवर आवळलाय. माझा जुना ठिपका खरवडून काढला. नवा दिलेला नाही. पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश तुझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवलेत. ठिपका तू द्यायचा. तो पडेपर्यंत काम पुरं झालं असं मी कोणाला म्हणणार नाही.

तुझा,
खूण बघायला सात वर्षं लावलेला
बाबा