तीस डब्या आणि बेबीताई

आदरणीय रऊफमामू,

अस्सलाम अलैकुम. तुमचा गुडघा कसा आहे? मुमानीजानचा खोकला थांबला का? जठारपेठेत सगळे खुशाल असाल, अशी दुआ करते. (पत्र मराठीत बघून चकित होऊ नका. उर्दूत लिहिलं की पेटीत पडण्याआधी अम्मी वाचते.)

इथे अमरावतीत, राजापेठेत, मी दहा दिवस धड एका जागी बसलेली नाही. एवढं लिहितानाच तीनदा उठले. कारण माझी नवी नोकरी. देशात किती लोकांच्या पोटात जंत आहेत, ते मोजायचं काम निघालंय. चिठ्ठ्या टाकून गावं निवडली, त्यात वलगावच्या पुढची एक माळ्यांची वस्ती निघाली. तीस माणसांना तीस डब्या वाटायच्या आणि दुसऱ्या सकाळी भरून न्यायच्या. (कशाने, ते समजून घ्या. अम्मीला वाटतं मी रक्त तपासते.)

आता, या दोन-तीन वर्षांत त्या वस्तीवर इतकी पथकं येऊन गेलीत की विचारू नका. कोणी कापूस विचारतं, कोणी विहीर, कोणी घरातलं दुःख विचारतं, आणि लिहून घेऊन निघून जातं. तेव्हा नत्थुजींनी (फुलांचा मळा आहे, वस्तीत त्यांचा शब्द चालतो) मला सरळ विचारलं, "बाई, ज्याच्या पोटात जास्त जंत, त्याले सरकारचं जास्त पॅकेज भेटते काय?" मी हसले. तिथेच चुकलं. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी 'हो' असा घेतला.

सकाळी तीसच्या तीस डब्या भरून नत्थुजींच्या ओट्यावर ओळीत तयार! इतर गावांत निम्म्या रिकाम्या येतात (एकीत तर गूळ होता). मी फुलून गेले. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर बावीस डब्यांत एकाच जातीची अंडी आणि अंबाडीच्या भाजीचे तेच ते धागे. बावीस घरांनी एक भाजी खाल्ली असेल, मान्य. पण बावीस पोटांनी ती एकसारखी पचवावी? आमचे साहेब मात्र खूश. म्हणाले, "शंभरात त्र्याहत्तर! देशात पहिले येऊ. पाठवून दे."

मी पाठवला नाही. तो आकडा खोटा असेल, तर देशाचाही तेवढा खोटा. पहिल्या एसटीने परत गेले आणि नत्थुजींना धरलं. ते मान खाली घालून म्हणाले, "बेबीताईच्या पोटात जंत हायेत, हे साऱ्याईले मालूम. तिच्याचपासून घेतलं थोडं थोडं." (उसनी साखर घेतात तसं!) "थे बी नाई म्हणली नाई."

बेबीताई मेथीच्या वाफ्यात अनवाणी पाणी देत होती. वाकून उठली की आधाराला खोरं धरायची. ओठ पांढरे, नखं कागदासारखी. विचारलं तर म्हणाली, "मले काई नाई झालं पोरी. थकवा तं साऱ्याईलेच हाये." मामू, या जातीचे जंत उघड्या पायांतून शिरतात आणि आतून रक्त पितात. साऱ्या वस्तीला तिचं पोट ठाऊक होतं, चेहरा कोणी पाहिला नव्हता. मीही नाही. डबी देताना मी फक्त तिचं नाव लिहिलं होतं.

नत्थुजींच्या फुलांच्या ऑटोत घालून तिला अमरावतीला दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन निघालं चार. डॉक्टर आम्हा दोघांवर असे ओरडले की नत्थुजी भिंतीला टेकले. दोन बाटल्या रक्त चढवलं, त्यातली एक नत्थुजींच्या मुलाने, शेखरने दिली (पूर्ण वेळ डोळे मिटून). तिसऱ्या दिवशी बेबीताईने स्वतःहून जेवण मागितलं, तेव्हा नत्थुजी बाहेर जाऊन रडून आले.

मग नव्या तीस डब्या वाटल्या, आणि या वेळी मी प्रत्येक दाराशी उभी राहिले. जंत निघाले फक्त नऊ जणांत. साहेब बोलत नाहीत. वस्तीही रुसलीय. नत्थुजींच्या घरच्या माणिकबाई मला म्हणाल्या, "तुह्या पायी आमचे जंत कमी झाले वं माय!"

तुमची भाची,
मिस्बाह

ता. क. अम्मीला बेबीताईचं सांगा, डब्यांचं नको.

ता. क. २ : मी माझीही डबी तपासली. निघाले. गोळी घेतलीय, काळजी नसावी.

ता. क. ३ : आता खरं काम. अकोल्याच्या चिठ्ठीत जठारपेठ आली, आणि तिच्यात तुमचं घर. आमच्या पथकातला शाहनवाज बुधवारी सहा डब्या आणून देईल, नावं घातलेली आहेत. प्रत्येकाने आपापलीच भरायची, मुमानीजाननेसुद्धा. गुरुवारी सकाळी सातला मी दारात असेन. नाश्ता नंतर करू.