लाल दोऱ्याचे केसपेपर

बाई, मी कोण ते आधी आठवा बघू. नाहीच आठवणार. एकाच्या काखेत थर्मामीटर विसरून दुसऱ्याला ताप किती म्हणून विचारणाऱ्या तुम्ही. वर जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली, आता मला कुठल्या ओळखताय! नगरकडच्या कर्जतच्या अलीकडचा तो दोन खोल्यांचा दवाखाना, त्यात तुम्ही नर्स आणि मी आया. फरशी मी पुसायची, सुया मी उकळायची. अक्षर तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. हे सून लिहून घेते आहे. मी 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहिते आणि वर मलाच विचारते, "आत्या, बरोबर ना?" मला काय कळतंय, मी व्हय म्हणते.

आज तुमची आठवण निघाली ती तिच्यामुळेच. ती कॉम्प्युटरच्या हापिसात आहे. तिथं प्रोग्रामांचं भांडार असतं म्हणे, ज्याला जो लागेल तो त्यानं उचलायचा. आजवर प्रत्येक प्रोग्राम आपापल्या साध्या फायलीत लिहिलेला होता. आता सगळे डेटाबेसमध्ये, म्हणजे आखलेल्या रकान्यांत भरायचं काम तिच्याकडं आलं. परवा डोक्याला हात लावून बसली. फायलींच्या कडेला कुणीकुणी 'हा वापरताना जपा' असं लिहून ठेवलं होतं. नव्या जागेत त्याला रकानाच नव्हता, ते सगळं गळून गेलं. मी विचारलं, "जुन्या फायली हायती का?" म्हणाली, "आहेत, आत्या." मी म्हटलं, "मग रडती कशापायी? माझ्याकडं तर जुनंबी ऱ्हायलं न्हवतं." मग तिनं सोडलंच नाही मला.

तर बाई, आपले केसपेपर. गावागावाचा गठ्ठा करून तुम्ही फडक्यात बांधायच्या. ती शेळ्यावाली म्हातारी आठवते? इंजेक्शन दिलं आणि तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास कोंडला. तुम्ही धावपळ करून वाचवलीत. आणि महिन्याभरात पुन्हा तीच सुई भरून तिच्याच दंडाला लावायला निघालात. मी मनगट धरलं म्हणून. त्या दिवशी मी तिच्या कागदाच्या कोपऱ्याला भोक पाडून लाल दोरा ओवला. लाल दोरा म्हणजे ही सुई नाही. तुम्ही हसून म्हणालात, "बरं केलंस गं, वाचायचं कामच नाही." मला तेव्हा केवढं वाटलं होतं! शाळेत न जाता आपणही कागदावर काहीतरी लिहिलं. पुढं जो कुणी सुजला, त्याच्या कागदाला मी दोरा ओवायची. तुम्ही मात्र दोरा आहे म्हटल्यावर ते अक्षरात लिहायचंच सोडून दिलंत. मला हे कुठून कळणार?

मग तुम्ही काविळीनं गेलात. त्याच्या पुढच्याच साली दुष्काळ पडला, खडी फोडायच्या कामावर पंचक्रोशी लोटली आणि दवाखान्यात ही गर्दी. वरून हुकूम आला, गठ्ठे मोडा, कार्डं करा. नवे कंपाउंडर नगरचे, माणूस भला, अक्षर मोत्यासारखं. लाकडी पेटी, तिच्यात उभी कार्डं: नाव, गाव, वय, आजार, औषध. हवं ते कार्ड पापणी लवायच्या आत हातात.

ते म्हणाले, "अक्का, हे दोरे सोडा. कागद अडकतायत एकमेकांत."

मी विचारलं, "कागदावरचं समदं उतरवणार न्हवं?"

"अक्षर न् अक्षर."

"एक बी सोडणार न्हाई?"

"अहो अक्का, तुम्ही मास्तरीण का मी?"

मी लाजले. वाटलं, बाईंनी लिहिलेलं असणारच, दोरा तर आपला अडाण्याचा. अकरा दोरे सोडले, गुंडाळून कनवटीला लावले. कागद रद्दीत गेले.

पंधरा दिवस झाले असतील. मी टँकरवर पाण्याला उभी आहे आणि आतून आरडाओरडा येतो. घागर टाकून धावते तर आमच्या वस्तीवरची कुंभारीण, लाल दोऱ्यातलीच एक, फरशीवर, ओठ जांभळे. कंपाउंडर कार्ड हातात धरून म्हणतायत, "यात काहीच नाही, अक्का, यात काहीच नाही!" त्यांनी उताऱ्याची दुसरी सुई टोचली, देवाची कृपा, ती वाचली. मग मी कनवटीचे दोरे काढून त्यांच्यापुढं धरले. त्यांना कळलं तशी त्यांनी कार्डांची पेटी पुढं ओढली, म्हणाले, "अक्का, नावं सांगा."

अकरांपैकी सात माणसं मला तोंडपाठ होती. चौघं कोण? रद्दी वाण्याकडं गेलेली. मी घरोघर हिंडले, "पुडीचा कागद दाखवा, कोपऱ्याला भोक हाय का बघते." हळदीच्या पुडीवर एक सापडला. उरले तिघं. मग खडीवर जाऊन कंपाउंडरांनी ओरडून विचारलं, "सुई कुणाला बाधते?" तर बाई, सगळ्यांनी हात वर केले! सुईची भीती, अन् ही आयती सुटका. एक म्हातारा तर म्हणाला, "मला गोळी बी बाधती, निस्तं टॉनिक द्या." आम्हालाही हसू आलं. पण त्या एवढ्या हातांत तीन हात खरे होते.

सापडले नाहीत. नंतर कितीतरी वर्षं कुणाला सुई दिली की मी केर काढायचं निमित्त करून तिथंच घुटमळायची, ओठांकडं बघत. दुसरं काय येत होतं मला?

एक सांगायचं राहिलं. तालुक्याचे डॉक्टर चौकशीला आले. कंपाउंडर रजेवर होते. डॉक्टर म्हणाले, "आधीची नर्स निष्काळजी होती, नोंदच केली नाही." मी दारात उभी होते. दोरे मी सोडले, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. नोकरी जाईल वाटलं. तुमच्या नावापुढं त्यांनी काय लिहिलं ते मला वाचताही आलं नाही, आणि कुणाकडून वाचून घ्यायची हिंमतही झाली नाही.

सून विचारते, पत्ता काय घालू? मी म्हटलं, घडी घालून ठेव डब्याखाली. रागावला असाल तर रागवा, बाई. नसलात, तर मला ताप आला की तुम्ही करून पाजायच्या ते हुलग्याचं माडगं तिकडून पाठवा. पातळ पाठवा, दात राहिले नाहीत.